सोबत्याची धाप

ट्रेडमिलच्या चालपट्ट्यावर पाय ठेवण्याआधी शिवगोंडा मगदूम कानात श्वाससखा बसवत आणि मनातल्या मनात 'या पावनं' म्हणत. यंत्र गव्हाच्या दाण्याएवढं, पण त्यातून दुसऱ्या एका रुग्णाचा श्वास धापेसकट ऐकू येई. निदान मगदुमांना तसं सांगितलेलं होतं. तीस वर्षं फौंड्रीतली धूळ खाऊन त्यांची फुफ्फुसं कामातून गेली होती. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि घरात बोलायचा तो टीव्ही. दिवसातली ही वीस मिनिटंच काय ती सोबतीची.

कोल्हापूरच्या त्या श्वसन-व्यायाम केंद्रात सगळ्यांची चाल सुधारत होती, मगदुमांची मात्र उलटी गंगा. सहा मिनिटांत तीनशे चाळीस मीटर चालणारा माणूस तीन महिन्यांत दोनशे साठवर आला होता. अडीचशेच्या खाली गेला की व्यायाम बंद. मग घरी खुर्ची आणि ऑक्सिजनची नळी. तपासण्यांत फुफ्फुसं होती तशीच होती, त्यामुळे केंद्राच्या डॉ. तरन्नुम मुजावर चक्रावल्या. श्वाससखा बनवणारे हेरवाडकर यंत्र तपासायला आले; त्यात दोष सापडेना, म्हणून तेही तिथंच बसून राहिले. शेवटी डॉक्टरबाईंनी मगदुमांनाच विचारलं, मधेच चाल का मंदावते?

"मी न्हाई ओ दमत. त्यो दमतोय," मगदूम म्हणाले. "एवढ्या दमलेल्या माणसाला मागं टाकून कसं जायचं?"

हेरवाडकरांनी कपाळाला हात लावला.

"धाप लागली की मेंदू घाबरतो आणि पाय थांबवतो," ते म्हणाले. "शेजारी तशीच धाप ऐकू आली की भीती ओसरते. ती अगदी तशीच हवी, म्हणून आम्ही ज्याचा त्यालाच श्वास ऐकवतो, तीन आठवड्यांपूर्वीचा. कळलं तर माणूस श्वास सांभाळून घेतो, म्हणून सांगत नाही. बाकीचे त्याच्या पुढं जायला बघतात."

"आणि हे त्याच्यासाठी हळू होतात," बाई सावकाश म्हणाल्या. "ते हळू होणं नोंदलं जातं. तीन आठवड्यांनी तेच ऐकून आणखी हळू होतात."

मगदुमांनी यंत्र तळहातावर घेऊन पाहिलं.

"म्हंजे तिथं कुणीच न्हवतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीनं यंत्र कानात घातलं. धाप आली. 'या पावनं' म्हणायला मन धजेना. इतकं एकटं त्यांना बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. यंत्र काढायला हात वर गेला आणि तिथंच थांबला. आजचा श्वास तीन आठवड्यांनी कुणीतरी ऐकणार होतं. तो म्हातारा रिकाम्या घरातूनच येणार होता, आणि त्यालाही दुसरं कुणी नव्हतं.

मगदुमांनी वेग वाढवला. तीन आठवड्यांपूर्वीची ती धाप मागं राहिली. त्यांना फार वाईट वाटलं, पण ते थांबले नाहीत. सहा मिनिटांत दोनशे ऐंशी मीटर झाले.

उतरण्याआधी, यंत्राची नोंद चालू असतानाच, ते पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"या पावनं. जमतंय. मी हाय पुढं."