श्वासावर चालणारं जाकीट

उत्तराने दादाचं काळं जाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"साडेचार किलो! दादा, विमानात दोघांना मिळून बाराच किलो नेता येतात. माझ्या कॅमेऱ्याचं काय करू?"

"कॅमेरा घरी ठेव. डोळे आहेत ना?" यशोधन सोफ्यावरून म्हणाला.

बहीणभाऊ आंग्रिया बँकेवर निघाले होते. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात प्रवाळांचं हे विस्तीर्ण पठार आहे. त्यावर आता पाणबुड्या पर्यटकांसाठी एक तरंगतं केंद्र उभं राहिलं होतं आणि रत्नागिरीहून पाण्यावर उतरणारं छोटं विमान तिथं जात होतं. हवेच्या टाक्या केंद्रावरच मिळत. जाकिटंही भाड्याने मिळत, पण दुसऱ्याच्या मापाचं जाकीट घालून खोल जायला यशोधन तयार नव्हता.

पाणबुड्याचं जाकीट म्हणजे त्याचा पाण्यातला तोल. पाठीवरची टाकी त्यालाच बांधलेली असते. आत हवेची पिशवी असते. बटण दाबून तिच्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो आणि नेमकी ठेवली की जागच्या जागी तरंगत राहतो. यशोधनने आयुष्यभर पुलांची बांधकामं केली होती आणि त्याचा तोलावर फार जीव. हे जाकीट तो अकरा वर्षं वापरत होता. पाच वर्षांपूर्वी उत्तरालाही त्यानेच मालवणला नेऊन पाण्याखाली उतरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं हलकं जाकीट बघायला दुकानात गेले. यशोधनला एक लगेच आवडलं. प्रवासासाठी बनवलेलं, खिसे काढून टाकलेलं, दोन किलोचं. नळी होती, बटणं होती. तो ते घडी घालून पुन्हा उलगडून बघत होता, तेवढ्यात उत्तराने दुकानाच्या मागच्या काचेच्या हौदाकडे बोट दाखवलं. हौदात एक मुलगी पाण्याच्या मधोमध मांडी घालून बसली होती. वर जात नव्हती, खाली जात नव्हती. तिच्या अंगात राखाडी रंगाचं, बनियनसारखं काहीतरी होतं.

"ते 'पीस'," हौदाशेजारी उभा असलेला तरुण म्हणाला. तो ते जाकीट बनवणाऱ्या कंपनीतला अभियंता होता, अमोघ टिपणीस. "नऊशे ग्रॅम. यात हवेची पिशवीच नाही. कापडातच बारीक पेशी आहेत. विजेचा सूक्ष्म झटका मिळाला की त्या फुगतात किंवा आक्रसतात."

"आणि झटका कोण देतं?" यशोधनने विचारलं.

"तुमचा श्वास. सावकाश, लांब श्वास सोडत राहिलात की जाकीट तुम्हाला खाली नेतं. श्वास संथ असला की जागेवर ठेवतं. आखूड आणि भराभर झाला की वर आणतं, तेही सुरक्षित वेगाने. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवून."

"बटण कुठाय?"

"नाहीये, काका. घाबरलेल्या माणसाला बटण सापडत नाही. पाण्याखाली बहुतेक माणसं त्यामुळेच दगावतात."

यशोधनने मान हलवली. त्याला पटलं नव्हतं. उत्तराला मात्र एकदम पटलं. ती भूलतज्ज्ञ होती. वीस वर्षं शस्त्रक्रियागृहात बसून ती माणसांचे श्वास बघत आली होती. श्वास माणसाच्या आधी बोलतो, हे तिला पाठ होतं. ती हौदात उतरली. एक लांब श्वास सोडला आणि अलगद तळाला टेकली. आपल्याला शरीरच नाही, असं तिला वाटलं.

"दादा, दोन घेऊ या," ती वर येऊन ओल्या तोंडाने म्हणाली. "दोन्ही सारखी असली की एकमेकांच्या वेगाने फिरता येईल."

"मला ते दोन किलोवालं बरंय गं."

"त्याने माझा कॅमेरा घरीच राहतो. माझी एक गोष्ट ऐक."

यशोधनने तिची ती गोष्ट ऐकली.

आंग्रियावरचे पहिले दोन दिवस उत्तरा पुढे कितीतरी वेळा आठवत राहिली, कारण त्यात काहीच चुकलं नव्हतं. निळ्या पाण्यात दोघं पतंगासारखे तरंगत होते. यशोधनने तर वर आल्यावर कबूलही केलं, "हे आधी का नाही काढलं कुणी?"

तिसऱ्या दिवशी सकाळी पाच जण उतरले. वाटाड्या म्हणून रेश्मा मेथर होती, मालवणची. केंद्राचं जुन्या पद्धतीचं निळं जाकीट तिच्या अंगात होतं. नाशिकचं एक नवखं जोडपं तिच्या सोबत राहिलं. उत्तरा आणि यशोधन थोडे मागे, पठाराच्या कडेला, सव्वीस मीटरवर होते. उत्तरा एका कासवाचा फोटो काढत होती. वळून पाहिलं तेव्हा यशोधन जागच्या जागी वळवळत होता.

कुठल्यातरी ट्रॉलरचं तुटलेलं जाळं खडकाला अडकून पडलं होतं. पाण्यात ते दिसतही नव्हतं. त्याचे दोरे यशोधनच्या टाकीच्या तोंडाशी, बरोबर मानेमागे गुंतले होते. तिथं माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही. त्याने उत्तराला खूण केली: मागे, सुरी. तो शांत होता. त्याचा श्वास संथ होता आणि म्हणून त्याचं जाकीटही स्थिर होतं.

उत्तराने कॅमेरा सोडून दिला. सुरी काढून एक दोरा कापला, दुसरा कापला. तिसऱ्याला हात घातला तेव्हा पायाला काहीतरी ओढ बसली. जाळ्याचं एक टोक तिच्या पायात घातलेल्या रबरी पंखाला अडकलं होतं. तिने पाय झटकला आणि तो लगेच सुटलाही. एवढंच झालं. पण त्या एका क्षणात तिचा श्वास तुटला.

जाकिटाने तो ऐकला.

तिला आधी वाटलं, प्रवाह आहे. मग कळलं, आपण वर चाललोय. तिने यशोधनचा पट्टा धरला. जाकीट वर ओढत होतं, ती खाली धरून होती, आणि त्या ओढाताणीत जाळं यशोधनच्या मानेभोवती ताणलं जाऊ लागलं. त्याने हाताने खूण केली. सोड. तिने सोडलं.

पाय मारत ती खाली जायचा प्रयत्न करू लागली. पाय मारले की दम लागे, दम लागला की जाकीट आणखी फुगे. ते काढून टाकावं तर टाकी त्यालाच बांधलेली. तिला एकच गोष्ट करायची होती, जी ती रोज इतरांना सांगत असे. श्वास सोडा. हळू. अजून हळू. तिने डोळे मिटले. एक लांब श्वास सोडला. दुसरा सोडला. पाणी अंगावरून वरच्या दिशेने सरकू लागलं, म्हणजे ती खाली चालली होती. तिने डोळे उघडले. खाली दादा दिसला. एक हात मानेमागे नेऊन चाचपडत असलेला. तिचा श्वास पुन्हा आखूड झाला आणि ती वर निघाली.

असं किती वेळा झालं, तिला सांगता येत नाही. दर वेळी ती थोडी कमी खाली जात होती.

शेवटी जाकिटाने तिला पाच मीटरवर आणून थांबवलं. हाच तो तीन मिनिटांचा सुरक्षित थांबा. तिथून तिला वर जाऊन हाका मारता येत नव्हत्या, खाली जाता येत नव्हतं. सुरीची मूठ ती पाठीवरच्या टाकीवर आपटत राहिली. ठण, ठण. पाण्यात आवाज लांब जातो, पण कुठून येतोय ते कळत नाही. खालून दादाचे बुडबुडे येत होते. ती ते बघत होती. दोन बुडबुड्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

रेश्मा आली तेव्हा उत्तराने नुसतं खाली बोट दाखवलं. रेश्माने जाकिटातली हवा सोडली आणि दगडासारखी खाली गेली. मदत मिळाली हे शरीराला कळलं असावं, कारण उत्तराचा श्वास त्याच क्षणी सैलावला. लांब, मोकळा. आणि जाकीट तिला अलगद, आज्ञाधारकपणे खाली नेऊ लागलं.

ती पोचायच्या आत रेश्मा जाळं कापून त्याला घेऊन वर निघाली होती. यशोधनची हवा संपली होती. आपल्या टाकीची दुसरी नळी तिने त्याच्या तोंडात दिली होती, पण तिचीही हवा दोघांना पुरेल इतकी उरली नव्हती. थांबे न घेता यावं लागलं. सोड्याची बाटली झटकन उघडली की फेस येतो, तसे त्याच्या रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाले आणि पाठीच्या कण्यात अडकले.

"ताई, जिवंत आसत ते," डेकवर रेश्मा ओरडली. "आता बाजूक व्हा."

रक्तातले बुडबुडे पुन्हा विरघळावेत म्हणून केंद्रावरच्या लोखंडी दाबकक्षात त्याला ठेवलं. गोल खिडकीतून उत्तराला त्याचे फक्त पाय दिसत होते. ते हलावेत म्हणून ती बघत राहिली. ती डॉक्टर होती, आणि तिच्याजवळ करण्यासारखं काहीच नव्हतं.

यशोधन वाचला. उजव्या पायातली हालचाल परत आली. डाव्यातली आली नाही.

चार महिन्यांनी अमोघ टिपणीस पुण्यात तिच्या घरी आला. त्याच्या हातात जाकीट नव्हतं, फाईल नव्हती. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"जाकिटात बिघाड नव्हता, मॅडम," तो म्हणाला. "बिघाड निघाला असता तर मला सोपं गेलं असतं. तुमच्या शरीराने वर जायचं सांगितलं, त्याने ते ऐकलं."

"मी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही आणि तुमचं शरीर, यातला फरक त्या कापडाला कळत नाही."

"जुन्या जाकिटात मीही घाबरलेच असते," उत्तरा म्हणाली. "पण माझ्या भीतीच्या आणि बटणाच्या मध्ये माझा हात होता. तो मी आवरला असता."

"तुम्ही आवरला असता. कदाचित." अमोघ खाली बघत म्हणाला. "आम्ही पुढच्या जाकिटात भीती गाळून टाकू शकतो. ते घाबरलेल्या श्वासाकडे दुर्लक्ष करेल. पण मग ज्यांना आजवर याने वर आणलं, ते सगळे खाली राहतील. माझी आत्येबहीण त्यातलीच एक आहे. काय करायचं, ते तुम्ही सांगा. आमच्यात कुणालाच ठरवता येत नाहीये."

तो गेल्यावर उत्तराने घराला कुलूप लावलं.

ती यशोधनच्या घरी गेली तेव्हा तो नुकताच तरणतलावावरून आला होता. पायाच्या व्यायामासाठी त्याला रोज पाण्यात उतरवत असत. केस ओले होते, चेहरा टवटवीत होता. त्या दिवसाविषयी त्याने तिला आजवर एकच वाक्य सांगितलं होतं: "तुला वर-खाली होताना बघत होतो, वाटलं, ही दमली." त्यापुढे तो कधी गेला नव्हता, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"उत्तरा, गंमत सांगू? पाय जमिनीवर हलत नाही, पण पाण्यात हलतो," तो म्हणाला. "थोडा, पण हलतो. डॉक्टरांना विचारलंय. ते हो म्हणाले तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आंग्रियाला जायचं मनात आहे. उथळ पाण्यात, पण जायचं. सोबत मात्र तू हवीस. दुसऱ्या कुणाबरोबर मी उतरणार नाही. येशील ना?"

"येईन," उत्तरा लगेच म्हणाली.

यशोधन हसला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. बरगड्यांच्या आत तिचा श्वास आखूड आणि भराभर झाला होता, तो काही त्याला दिसत नव्हता. तिच्या शब्दाचं आणि श्वासाचं, या दोन उत्तरांतलं खरं कुठलं, हे त्याने विचारलं असतं, तर तिने त्याला काय सांगितलं असतं?