बाटलीभर हवा

खोलीत नऊ माणसं झोपली होती, दहावं तान्हं झोळीत खोकत होतं. दार एक. खिडकी नाही.

मी रसायनशास्त्र शिकून नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात नुकतीच लागले होते. माणसं उठण्याआधी हवेचा नमुना घ्यायचा होता. दहा हजार भागांत बारापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड निघाला, तर घरमालकाला भिंत फोडून खिडकी काढून द्यावी लागणार होती.

दाराशी एक उंच माणूस कंदील धरून उभा होता. “मी खात्याचा इंजिनियर. भिंत मीच फोडणार.”

“आधी सिद्ध होऊ दे.”

“मग देव पाण्यात घालून बसतो.”

“बसा. पण कंदील बाहेर ठेवा, तोही हवा खातो.”

“आणि मी?”

“तुम्ही… जरा कमी खा.”

तो हसला. मी भात्याने बाटलीत हवा भरत होते, तो वाकून कुजबुजत होता, मी उत्तरं देत होते… शेवटी चुन्याची निवळी ओतून बूच लावलं.

प्रयोगशाळेत आकडा आला – चौतीस. मग आठवलं, बाटलीच्या तोंडाशी आम्ही केवढं बोललो होतो. मी नमुना रद्द केला.

“मालकाच्या वकिलाला काय कळणार?” तो म्हणाला.

“मला कळतंय ना. त्या हवेत आपण दोघं आहोत.”

त्याने दुसऱ्या नमुन्याच्या परवानगीचा अर्ज लिहायला घेतला.

दुसरी परवानगी मिळायला आठवडा गेला. पुन्हा गेलो, तेव्हा झोळी सोडून खुंटीला अडकवलेली होती. तान्ह्याची आई भिंतीला टेकून जागीच होती.

“घ्या ताई, हवा घ्या,” ती म्हणाली. “एक वाटेकरी कमी झालाय.”

तो पलीकडच्या भिंतीशी तोंडावर रुमाल दाबून उभा राहिला. माझ्याही तोंडावर रुमाल होता. एकमेकांकडे पाहत राहिलो, पण अवाक्षर काढलं नाही.

जिन्यात तो म्हणाला, “त्या दिवशी मी बोललो नसतो तर…”

“उत्तरं मीच देत होते.”

तो दोन पायऱ्या उतरला, थांबला. “तुम्हाला काही विचारायचं होतं. लग्नाचंच. आज विचारणं बरं नाही, कळतंय मला.”

“विचारलंत की,” मी म्हणाले. “हो. आता ही बाटली धरा.”

त्याने ती दोन्ही हातांनी धरली. प्रयोगशाळेपर्यंत आम्ही चालतच गेलो.

आमचे श्वास वगळूनही दहा हजार भागांत एकतीस.