मागच्या काचेवरचा कागद

शेलूबाजारच्या चौकातून मंगरूळपीरकडे निघालं की डाव्या हाताला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान लागतं. वायरिंग, बॅटरी, हॉर्न, आणि हरवलेल्या चाव्या बनवून देणं. बावीस वर्षं हेच करतोय. गाडी कशी चोरतात हे मला पुरेपूर ठाऊक आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज आला तेव्हा मला हसूच आलं.

‘सावधान! मागच्या काचेवर कागद चिकटलेला दिसला तर काढायला उतरू नका. तुम्ही उतरताच चोर गाडी घेऊन पसार होतात. दहा जणांना पाठवा.’

हाच मजकूर मी अकोल्याला काम शिकत होतो तेव्हा उस्तादांच्या कॉम्प्युटरवर ई-मेलमध्ये आला होता. तेव्हा तो इंग्रजीत होता. पुढे त्यातली गावं बदलत गेली, पण अशी गाडी गेलेला एकही माणूस मला कधी भेटला नाही. मी ग्रुपवर तसं लिहिलं. ‘खोटा मेसेज आहे. अशी एक तरी चोरी दाखवा.’

बबनरावांचं उत्तर लगेच आलं. ‘तुले बरं माहीत! चोराइशी वळख दिसते तुही.’

बबनराव म्हणजे गावातलं मोठं घर, चाळीस एकर. त्यांच्या उत्तराखाली अठरा जणांनी हसणारे चेहरे टाकले. त्यातले निम्मे माझे गिऱ्हाईक होते.

चार दिवसांनी सकाळी अकरा वाजता बबनरावांची पांढरी बोलेरो दुकानापुढे येऊन थांबली. ती त्यांचा शेजारी चालवत होता. बबनराव स्वतः मागून पायी आले, सोबत आणखी दोघं.

“कोनाची गाडी हाय हे?” त्यांनी विचारलं.

“तुमचीच.”

“नंबर माह्या गाडीचा हाय. गाडी माही नाही.”

मला वाटलं थट्टा चालली आहे. पण त्यांचे डोळे गाडीवर ठरत नव्हते. मग त्यांनी सांगितलं. मालेगाव रस्त्यावर त्यांना आरशात मागच्या काचेवर कागद दिसला. ते उतरले, इंजिन सुरूच होतं. कागद काढला आणि वळले. आसपास कुणी नव्हतं, पळून जाणारं कुणी दिसलं नाही. गाडी जागेवर उभी होती.

“पन ते दुसरी होती,” ते म्हणाले.

मी चेसिस नंबर पाहिला, इंजिन नंबर पाहिला, कागदपत्रांशी जुळवला. मग डॅशबोर्डखाली हात घातला. दिवाळीत मी त्यांच्या हॉर्नला नवा रिले बसवला होता. त्या दिवशी काळी टेप संपली म्हणून लाल गुंडाळली होती. लाल टेप तिथंच होती, शेवटी माझीच गाठ. मी टॉर्च धरून दाखवलं. बबनराव वाकले नाहीत. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरून ठेवले होते, गाडीला चुकूनही लागू नयेत असे.

“चाब्या तूच बनवतो, वायरी तूच जोडतो,” ते म्हणाले. “माही गाडी कुठी ठेवली ते सांग, नाहीतर मले दुसऱ्या रस्त्यानं काढता येते.”

मी तो कागद मागितला. शेजाऱ्यानं खिशातून काढून दिला. वहीच्या अर्ध्या पानाएवढा, पांढरा, दोन्ही बाजूंनी कोरा. गोंद नाही, टेपचा डाग नाही. मी तो बोलेरोच्या काचेवर दाबून धरला. हात काढला, तसा तो खाली पडला.

संध्याकाळी ग्रुपवर नवीन मेसेज फिरायला लागला. ‘शेलूबाजारात गाडी कामाला देताना सावधान. गाडी बदलून मिळते.’ नाव नव्हतं. गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा मी एकटाच आहे.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शटरवर काळ्या ऑइलनं कुणीतरी ‘चोर’ लिहिलं होतं. चहावाल्यानं माझ्यापुढे कप ठेवण्याआधी पैसे मागितले. शाजिया, माझी बायको, म्हणाली की थोडे दिवस कारंज्याला तिच्या भावाकडे राहू. मी नाही म्हटलं. एका खोट्या मेसेजपायी गाव सोडायचं नव्हतं मला.

त्याच दुपारी साधनावहिनींचा फोन आला. मेडशीचा हरीओम माझा शाळासोबती, त्याची ही बायको. ग्रुपवर माझ्या बाजूनं लिहिणारा तेवढा एकच होता.

“तौकीरभाऊ, हे एकलेच घरी आले,” त्या रडत होत्या. “मायबाईले दवाखान्यात घेऊन गेले होते मालेगावले. म्हनतात, गाडीत कोनी परकी बाई बसली होती, ते रस्त्यावर उतरवून देली. तुमी इकडे आले तर वाटेत पडते, पाहा ना कुठी हायेत त्या.”

मी माझी जुनी मारुती काढली. मेडशीच्या अलीकडे, तुरीच्या वावराच्या कडेला, हरीओमची आई तुळसाबाई मैलाच्या दगडावर बसल्या होत्या. मांडीवर औषधांची पिशवी. ऊन डोक्यावर होतं आणि त्यांनी पदरही घेतला नव्हता.

“मांगच्या काचेले कागद होता,” त्या म्हणाल्या. “त्यानं काढला. अन् काचेतून माह्याकडे पाह्यलं. मंग दरवाजा उघडून मले म्हने, बाई, तुमी कोन? माही माय कुठी गेली?”

“मग?”

“म्या सांगतलं, लेका मीच हाव. त्यानं हात जोडले अन् मले खाली उतरवलं. कसा धाक लागला होता त्याले माहा.”

मी त्यांना गाडीत बसवलं. मेडशीला पोचलो तेव्हा हरीओम ओट्यावर बसला होता आणि अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. तुळसाबाई माझ्या गाडीतून उतरल्या. साधनावहिनी धावत आल्या आणि सासूच्या गळ्यात पडल्या. हरीओम जागचा हलला नाही.

“तौकीर,” तो शांतपणे म्हणाला, “आनाची तर खरी बाई आन. माही माय तू कुठी ठेवली?”

“हरीओम, शुद्धीवर ये. या तुह्या—”

“आदी गाड्या बदलून राह्यला होता,” मागून कुणीतरी बोललं. “आता मानसं बदलून राह्यला.”

“मेसेज खोटा हाय म्हने! याले खोटाच वाटीन ना.”

माझी कॉलर कुणाच्या तरी मुठीत आली. साधनावहिनींनी तुळसाबाईंना आत ओढून दार लावून घेतलं. कसाबसा मी गाडीत शिरलो. टपावर, दारावर, मागच्या काचेवर बुक्क्या पडत होत्या. एक दगड बोनेटला लागला. मी गिअर टाकला आणि मागे न बघता निघालो.

मालेगाव ओलांडल्यावर आरशात पाहिलं.

मागच्या काचेवर पांढरा कागद होता.

त्या गर्दीतल्या कुणीतरी लावला असणार, हे मला कळत होतं. डिवचायला. मी स्वतःला ते दोनदा मोठ्यानं सांगितलं. पण थांबलो नाही. ताशी सत्तरच्या वाऱ्यात त्या कागदाचा एक कोपराही हलत नव्हता.

घरी आलो. गाडीची मागची बाजू अंगणाच्या भिंतीला टेकवून लावली, कुणाचा हात जाऊ नये अशी. आत जाऊन शाजियाला सांगितलं, “गाडीला कोणी हात लावायचा नाही. इफ्रालाही सांग.”

“ती शाळेतून यायचीय अजून,” ती चुलीपाशीच म्हणाली. “काय झालं?”

मी सांगायला लागलो. तोंड धुतलं, खाटेवर बसलो, पाणी प्यायलो.

बाहेर दप्तर ठेवल्याचा आवाज आला.

मी उठलो, तोवर इफ्रा दारात उभी होती. नऊ वर्षांची आहे, बारीक आहे. भिंत आणि काच यांच्यामध्ये तिचा हात सहज गेला असावा.

तिच्या हातात कागद होता.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ओढणी डोक्यावर घेतली, घरात पाहुणे आले की घेते तशी.

“अस्सलाम अलैकुम,” ती म्हणाली. “आप बैठिए. अब्बू अभी आए नहीं.”

माझी मुलगी मला कधी ‘आप’ म्हणत नाही.

“इफ्रा,” मी म्हटलं.

ती एक पाऊल मागे सरली. शाजिया आतून हसत आली आणि माझा चेहरा बघून थांबली.

इफ्रानं दार सताड उघडं ठेवलं. बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली आणि रस्त्याकडे बघत राहिली. आम्ही दोघंही तिच्या पाठीकडे बघत होतो.

थोड्या वेळानं तिनं हात वर केला. तिची मान हलली. ती हसत होती.

“अम्मी,” तिनं आत हाक दिली, “अब्बू आ गए.”

पायरीवर कुणीतरी चपला काढल्या.