रिकाम्या खुर्चीचा फासा

काम तसं साधं होतं. वीरधवलच्या मामांचं महाबळेश्वरला लॉज आहे, पावसाळ्यात ते बंद असतं. कुठं छत गळतंय का, तेवढं बघून ये, असं मामांनी सांगितलं. वीरधवलनं यशराजला आणि क्रांतीला बरोबर घेतलं, सांगलीचं भडंग घेतलं आणि फाशांचा डबाही गाडीत टाकला. सांगलीच्या विश्रामबागेत कॉलेजला असल्यापासून तिघांना या खेळाचा नाद. टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक लढवय्या व्हायचं आणि वीरधवलनं समोर राक्षस उभे करायचे. नोकऱ्या लागल्या, घोडे झाले, तरी नाद सुटला नव्हता.

खरं तर खेळणारे चौघं. चौथा सिद्धू, क्रांतीचा थोरला भाऊ. गेल्या पावसाळ्यात महाबळेश्वरच्याच घाटात, धुक्यात मोटरसायकल घसरून तो गेला. गावी कुंडलला आईनं त्याचे कपडे वाटून टाकले, पण या तिघांनी त्याचा ढालकरी मरू दिला नाही. खेळायला बसलं की त्याची खुर्ची मांडायची, पुढ्यात भडंगाची ताटली आणि त्याचा दहा बाजूंचा लाल फासा ठेवायचा. त्या फाशाला कुणी हात लावायचा नाही. ढालकरी जखमी झाला तर बाकीच्यांनी आपापल्या लढवय्याचा थोडा जीव त्याला द्यायचा, मात्र किती ते सांगून. प्रेमापोटी काढलेली रीत होती. तिच्यात काही वावगं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

जीव म्हणजे आकडाच. लढवय्या एक पायरी चढला की फासा टाकायचा, पडेल त्यात त्याच्या चिवटपणाचे गुण मिळवायचे आणि बेरीज आधीच्या जिवात घालायची. वार बसला की वजा. शून्य झालं की खेळ संपला.

छत ठीक निघालं. पावसाचा मारा लागू नये म्हणून लॉजच्या भिंतींना बाहेरून गवताच्या ताट्या बांधलेल्या, त्यामुळं भर दुपारी आत अंधार. वीज नव्हती. त्यांनी बॅटरीचा कंदील लावला, टेबल पुसलं आणि चार खुर्च्या मांडल्या. कुजक्या गवताचा वास नाकात बसला होता. बाहेर पाऊस एका सुरात कोसळत होता, इतका की थोड्या वेळानं तो ऐकूच येईनासा झाला.

आणि त्या दुपारी राक्षसाच्या एका फटक्यात सिद्धूचा ढालकरी शून्यावर आला.

वीरधवल हळूच म्हणाला, "क्रांती... जाऊ दे आता त्याला. वरीस झालं."

यशराजनं मान खाली घातली. दवाखान्याच्या दारात एकदा दादा गेल्याचं क्रांतीनं ऐकून घेतलं होतं, आता या टेबलावर पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती.

"माझ्यातलं दे."

"किती?"

"लागंल तेवढं."

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

लाल फासा कलंडला. खिडक्या बंद होत्या, टेबलाला कुणाचा धक्का लागला नव्हता. वीरधवलच्या तोंडून सवयीनं शब्द गेले, "सात... चिवटपणाचे दोन... नऊ." क्रांतीच्या तिरंदाजाचे नऊ वजा झाले. खाली घाटात कुठंतरी मोटरसायकलचा आवाज आला. फुटक्या सायलेन्सरचा तो आवाज क्रांतीनं झोपेतही ओळखला असता.

फासा पुन्हा कलंडला. तिची बोटं गार पडली. आवाज एक वळण वर आला.

"यशा, उचल रं त्यो फासा," ती कशीबशी म्हणाली. यशराजचा हात निम्म्यावर जाऊन थांबला, पुढं जाईना. फासा फिरतच राहिला. वीरधवल आकडे मोजत होता, पण डोळे विस्फारलेले. तोंड जणू त्याचं राहिलंच नव्हतं.

"वीर... बास म्हण... बास..."

"शिल्लक... चार..."

क्रांती घाबरली, मनातून घाबरली. आणि आवाज जवळ आला तसा पोटात कुठंतरी आनंदही झाला, त्याची तिला जास्त भीती वाटली.

फासा शेवटचा कलंडला. मोटरसायकल दारात येऊन बंद झाली. व्हरांड्यात ओले बूट वाजले. दार ढकलून सिद्धू आत आला, रेनकोट झटकला.

"घाटात लय धुकं हाय, गड्या. उशीर झाला."

यशराज हसला, ये की म्हणाला. वीरधवलनं कंदील जरा सरकवला. कुणाच्या चेहऱ्यावर भीतीची खूणसुद्धा उरली नव्हती. सिद्धू आपल्या खुर्चीवर बसला.

"दादा," क्रांतीनं हाक मारली. आवाज फुटला नाही. तिनं पुन्हा हाक मारली. सिद्धूनं आपल्यापुढची भडंगाची ताटली उचलली आणि जपून तिच्यापुढं ठेवली. शेजारी तिचा हिरवा फासा ठेवला, आणि बोटं लगेच मागं घेतली. त्याची नजर तिच्यातून आरपार खुर्चीच्या पाठीवर होती.

वीरधवल हळूच म्हणाला, "सिद्धू... तिचा तिरंदाज शून्यावर आला. जाऊ दे आता तिला. वरीस झालं."

सिद्धूचे डोळे भरून आले. आकडा सांग दादा, एखादा आकडा सांग, असं क्रांती जिवाच्या आकांतानं ओरडत होती. पावसाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

"माझ्यातलं दे," सिद्धू म्हणाला.

"किती?"

"लागंल तेवढं."

हिरवा फासा कलंडला. खाली घाटात कुणीतरी मोटरसायकलला किक मारली. क्रांतीला गाडी चालवता येत नव्हती, आणि सिद्धूची तर दारातच उभी होती. मग वर येत होतं ते कोण?