नाल्याकाठचं घर

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा चिखलीला दुकानांच्या पाट्या रंगवायचो आणि उरल्या वेळात जलरंगातली चित्रं काढायचो. ती कोणी विकत घेत नसे. भाद्रपदात जळगाव जामोदच्या एका कापडवाल्यानं पाटी रंगवायला बोलावलं. काम दुपारीच उरकलं. परतीची एसटी संध्याकाळची, म्हणून रंगपेटी घेऊन गावाबाहेरच्या नाल्याकडे गेलो.

लख्ख ऊन होतं. नाल्यात घोटाभर पाणी, मध्ये सपाट खडक. तिथं बसून मी कागद ओला केला आणि समोरचा काठ काढायला घेतला. दूर सातपुड्यावर तेवढा एक काळा ढग बसला होता.

"तिथं घर होतं..."

बाईचा आवाज, अगदी पाठीमागून. चित्र काढताना माणसं मागं उभी राहतातच. रंग ओला होता, म्हणून मी वळलो नाही.

"कुठं?"

"त्या बाभळीच्या बाजूले. काढ नं."

ती सांगत गेली, मी काढत गेलो. मातीच्या भिंती. ओट्यावर जातं. दारावर गेरूत उमटवलेले हात. ओट्यावरच्या उन्हासाठी मी पांढऱ्या रंगात कुंचला बुडवला.

"पांढरं लावू नको. कागद तसाच राहू दे."

तसाच ठेवला. त्या कोऱ्या जागेत खरंखुरं ऊन पडलं. इतकी वर्षं मला जमलं नव्हतं ते असं सहज जमलं. पण तेवढ्यात जाणवलं, पाखरं गप्प झालीत. सडक्या गाळाचा वास येतोय. आणि ही बाई पाण्यात उभी आहे, तर पाणी जरासंही वाजत कसं नाही?

"ऊठ," ती म्हणाली.

"थोडं राहिलंय..."

"ऊठ बे! पयले ऊठ..."

सामान छातीशी धरून मी काठावर चढलो आणि वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. मग डोंगराकडून घरघर ऐकू आली. लाल पाण्याचा लोंढा आला आणि बघता बघता खडक बुडाला.

शेतातून एक माणूस धावत आला. उकंडराव त्याचं नाव. त्याची नजर माझ्या हातातल्या चित्रावर गेली आणि तो मटकन खाली बसला.

"हे घर तुमाले कोनं सांगतलं? माह्या मायचं हाये हे. असाच पूर आल्ता. घर गेलं, माय बी गेली... सोजराबाई."

आवाजाचं त्याला सांगायची हिंमत मला झाली नाही.

ते चित्र नागपूरच्या प्रदर्शनात लागलं, बक्षीस मिळालं. त्या बळावर शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. लग्न झालं, चित्रं मुंबईपर्यंत गेली. आयुष्यात जे मिळालं ते त्या दुपारनं दिलं. पहिला रंग लावण्याआधी मी हात जोडायचो, "सोजराबाई, तुमचे उपकार." कधी कधी मागून हलकेच आवाज यायचा, "पांढरं राहू दे." मला भीती वाटली नाही. आई पाठीशी उभी आहे असंच वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी ते चित्र उकंडरावाला द्यायला गेलो. त्यानं ते मांडीवर घेतलं, दारावरच्या हातांवरून बोट फिरवलं आणि ढसाढसा रडला.

"मायचं घर देल्लं तुमी मले."

मलाही राहवलं नाही. म्हणालो, "उकंडराव, तुमच्या आईनंच माझा जीव वाचवला. तिनं घर सांगितलं, 'ऊठ' म्हणून हाक मारली. आजही बोलते."

त्यानं चित्र मांडीवरून खाली ठेवलं.

"मास्तर... माह्यी माय मुकी होती. जलमाची."

घरी आलो. रात्रभर विचार केला. शेवटी ठरवलं, जिनं जीव वाचवला, हात दिला, ती कोणी का असेना, तिचे आभार मानायचेच. सकाळी खिडकीशी बसलो. हात जोडले. नाव मात्र घेता आलं नाही. कागद ओला केला.

मागून तोच मायेचा आवाज आला.

"घर झालं... आता मले काढ."