काचेआडून

घरोघर तपासणीला निघालेल्या तरुण डॉक्टरांनी दार वाजवलं, तेव्हा ती शिवणयंत्रावरून तशीच उठून आली. मास्क हनुवटीवर, ओठांत टाचण्या.

“आधी मास्क वर,” ते म्हणाले. “टाचण्या मग गिळा.”

घरात आई तापानं फणफणलेली... तरी तिला हसू फुटलं.

आईला तपासून ते बाहेर आले, तेव्हा मात्र त्यांचे डोळे गंभीर होते. “आत एकट्या तुम्हीच जायचं. खिडकी उघडी, बाहेर आलात की साबणानं हात. आणि काही झालं तरी मास्क काढायचा नाही.”

मग रोज सकाळी ते खिडकीशी येऊ लागले. पावलं वाजली की तिचा हात आपोआप केसांकडे जाई.

“रोज येता, पण तुमचा चेहरा काही ठाऊक नाही!”

“डोळ्यांवरच समाधान माना. खाली सगळा आनंदच आहे.”

चौथ्या दिवशी मात्र ते खिडकीशी थबकले. ती आईच्या उशाशी बसली होती... मास्क काढून.

“अहो, स्वतःच्या जिवावर उठलात का?”

“आईला ऐकू येत नाही, डॉक्टर. ओठ बघून कळतं तिला. मास्क लावला की तिला वाटतं, मी अबोला धरलाय.”

ते हळूच म्हणाले, “बोलण्यापुरती खिडकी लावा. बाहेर येऊन काचेतून बोला. ...तुम्हालाही येतं ओठ वाचता?”

“आईचीच लेक ना मी!”

दोन दिवस मायलेकी काचेतून बोलल्या. तिसऱ्या दिवशी लेकीचे ओठ बघता बघताच आईनं कायमचे डोळे मिटले.

आणि दुसऱ्या सकाळी ती स्वतःच त्या खाटेवर होती. अंगात ताप, छातीत घरघर.

डॉक्टर आले. औषधं आत ठेवली, बाहेर जाऊन खिडकी ओढून घेतली आणि... मास्क उतरवला. नाक किंचित वाकडं, रात्रंदिवस दोऱ्या काचून गालांवर वळ. ओठ थरथरत, आवाजाशिवाय हलले—

‘बऱ्या व्हा. मला तुमच्याशी संसार करायचाय.’

तिनं अक्षर न् अक्षर वाचलं. डोळे भरून आले. मग आईशी बोलायची तशी, सावकाश, ओठ नीट उघडून ती म्हणाली,

‘आधी... मास्क... वर.’

ते रडता रडता हसले. मास्क चढवला. पण हलले नाहीत.

खोकल्याची उबळ ओसरली, तशी भिंतीला धरून ती उठली. काचेवर तळवा टेकला.

‘उत्तर... उद्या. या.’