डोंगराला वाट लावणारा

शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या गल्लीतले कापडाचे लूम बंद असतात, आणि आठवडाभर त्या खटखटीला सरावलेले कान उगाचच टवकारलेले राहतात. माझी लेक उन्नती झोपली होती, माझे बाबा शेतावर गेले होते. मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते… आणि मागच्या दाराची कडी वाजली. एकदाच, हलकेच.

मागच्या दारानं आमच्याकडे कोणी येत नाही. मागे फक्त डोंगर आहे.

दार उघडलं तर घामानं निथळणारा एक माणूस. बूट धुळीनं लाल, मोज्यांना कुसळं चिकटलेली, मनगटावर भलं मोठं घड्याळ. "ताई, पाणी मिळेल का?"

मी तांब्या दिला. तो पीत असताना त्याच्या मुठीत लाल रिबिनीचं रीळ दिसलं.

भिवंडीत झाडाला रिबीन बांधलेली दिसली की माणसं आधी आपला सातबारा शोधतात. आधी रिबीन, मग मोजणी, मग जेसीबी, मग गोदाम. शेजारच्या, गोदामांनी भरलेल्या दापोड्याकडे बघा, म्हणजे कळेल. शिवाय डोंगराच्या पायथ्याची साठ गुंठे जमीन माझ्या नावावर आहे. बाबांनी लग्नात दिलेली. कुणालनं माझ्याशी लग्न केलं की त्या साठ गुंठ्यांशी, हे मला चार वर्षांनी कळलं. गोदामाच्या कागदावर मी सही केली नाही, तेव्हा तो गेला. रीतसर, कोर्टातून गेला. तेव्हापासून गोड बोलणारा माणूस दिसला की मी आधी त्याच्या खिशातलं पेन बघते.

"वर काय करत होता?" मी विचारलं.

"पळत होतो."

"कोणापासून?"

तो हसला. छान हसला, आणि तेही मी त्याच्या विरोधातच धरलं.

त्याचं नाव सुभाष. डोंगरावरच्या पाड्यातला. दापोड्याच्या गोदामात सेकंड शिफ्टला असतो, सकाळ मोकळी. लहानपणी शाळेला उशीर झाला की डोंगर पळत उतरायचा, ते पळणं अजून सुटलं नव्हतं. आता म्हणे ठाण्या-मुंबईची माणसं डोंगरात पळायला जागा शोधतात, त्यांच्यासाठी तो झाडांना रिबिनी बांधत अकरा किलोमीटरची वाट आखत होता.

"म्हणजे आमच्या डोंगराची वाट लावताय," मी म्हटलं.

"लावतोय. पण एकच," तो म्हणाला. "आणि तीही पायवाट."

मी दार लावून घेतलं. पण फटीतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले… नजर ठेवायला म्हणून.

चार दिवसांनी तो आमच्या कुंपणामागून फोनवर बोलत गेला. वरचं सगळं मोजून झालं, पायथ्याचं तेवढं राहिलंय, ते बाईंना विचारल्याशिवाय जमायचं नाही, असं काहीतरी. एवढं मला पुरलं. संध्याकाळी उन्नतीला घेऊन गेले आणि खालच्या वाटेवरच्या सगळ्या रिबिनी सोडल्या. तेवीस निघाल्या. उन्नतीला तर सणच झाला.

पुढच्या रविवारी ठाण्याची आठ माणसं रंगीबेरंगी बूट घालून आमच्या वालाच्या शेतात उतरली. बाबा काठी घेऊन उभे. "कोन हाव तुमी? मोजनीवालं का?" त्यातल्या एकीनं दमलेल्या आवाजात विचारलं, काका, फिनिश कुठे आहे? बाबा म्हणाले, "इथं फिनिश न्हाय. इथं वाल हाय."

तासाभरानं सुभाष आला. बाबांची माफी मागून झाली आणि त्याचं लक्ष उन्नतीच्या वेण्यांकडे गेलं. त्यांत बांधलेल्या रिबिनींवर त्याच्याच पेनानं काढलेले आकडे होते.

"तुझ्या डाव्या वेणीत माझा नववा किलोमीटर आहे," तो तिला म्हणाला. माझ्याकडे बघितलं, पण रागावला नाही. माणूस रागावत नाही म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं, असा माझा अनुभव.

"मग दाखवा तुमची वाट," मी म्हटलं. "बघू तरी कुठे कुठे जाते."

शनिवारी सकाळी गेलो. पळत नाही, चालत. सुकलेलं गवत दवानं जड झालेलं, कारवीतून एकच माणूस जाईल एवढी बोळ. तो पुढे जाऊन फांदी धरून ठेवायचा, मी पुढे आले की सोडायचा. खडकापाशी त्यानं हात पुढे केला… मग मागे घेतला. मीच धरला. निसरडं होतं. म्हणजे, फारसं नव्हतं.

माथ्यावर वारा होता. खाली गोदामांची निळी छपरं, आणि त्यांच्या पलीकडे खाडीचा चकाकणारा पट्टा. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"सकाळपासून तुम्ही एकदाही ताई म्हणाला नाहीत."

तो बुटाची नाडी बांधायला वाकला. "ताई खालीच राहिली… चढ जरा जास्त होता ना."

मी हसले. कितीतरी दिवसांनी. मग त्यानं मोबाईलवर नकाशा दाखवला. डोंगरभर सरळ जाणारी रेघ पायथ्याशी येऊन अचानक लांब वळसा घेत होती.

"हे असं का?"

"मध्ये तुमची जमीन आहे. विचारल्याशिवाय कसं जायचं?"

"माझी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ऑनलाइन सातबारा बघितला."

हसू तिथेच विझलं. माझं नाव विचारायच्या आधी या माणसानं ते सातबाऱ्यावर वाचलं होतं. कुणालनंही तेच केलं होतं. मी एकटीच खाली उतरले, आणि नंतर दोन आठवडे मागचं दार उघडलं नाही.

शेवटी तो पुढच्या दारानं आला. बाबांच्या देखत, उभ्यानंच बोलला.

"वाट ज्याच्या जमिनीतून जाते त्याचं नाव बघावं लागतं, म्हणून बघितलं. तेव्हा तुम्हाला भेटलोही नव्हतो. मग भेटलो, आणि…" तो थांबला. "मला तुम्ही आवडता. माझा क्रम चुकला, एवढंच."

मी बाबांकडे बघितलं.

"ती जमीन आधी उन्नतीच्या नावावर करा," तो म्हणाला. "मग मला हो किंवा नाही सांगा. तोवर मी या बाजूला पळायलाही येणार नाही."

तो गेल्यावर बाबा "ह्यो बी डाव असंल," म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

वकिलाला मी दोनदा विचारलं, यात कोणाचा काय फायदा. दोन्ही वेळा तो म्हणाला, तुमच्या मुलीचा. बक्षीसपत्र झालं, नोंद लागायला अडीच महिने गेले. तेवढे दिवस सुभाष खरंच आला नाही. मी मात्र रोज सकाळी कपडे वाळत घालायला मागे जायची आणि धुळीत बुटाचे ठसे शोधायची. संशय म्हणून, असं स्वतःला सांगत.

काल नवा सातबारा हाती आला. उन्नतीचं नाव, आणि त्यापुढे 'अज्ञान, पालनकर्ती आई'. मी त्याला एकच शब्द पाठवला, 'झालं'. त्याचं उत्तर आलं, 'उद्या सकाळी?'

आज सकाळी उन्नतीची वेणी घालता घालता तिला समजावलं, ती पायथ्याची जमीन आता मम्मीची नाही, तुझी.

"सगळी?"

"सगळी."

तेवढ्यात ती उठून खिडकीशी गेली. डोंगरावरून तो पळत येत होता, नकाशातल्या त्या लांब वळशानं. आमच्या बांधापाशी येऊन थांबला. आत पाऊल टाकलं नाही. माझ्या हातात कंगवा तसाच राहिला.

उन्नती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"मम्मी, मग काका आता तुझ्याकडे आलेत का माझ्याकडे?"